सुट्टी, डबा आणि देव : कामावरच्या माणसाचे स्वास्थ्य

२३ सप्टेंबर १८८४ रोजी मुंबईत परळला गिरणी कामगारांची सभा भरली. ती बोलावली होती 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सभेतून निघालेल्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. मागण्या पाच होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हाती पडावा. कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि तो कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची तजवीज करावी.

त्या अर्जाला लगेच यश आले नाही. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली.

साहेबाचा रविवार चर्चचा होता. मराठी कामगाराच्या पंचांगात तो खंडोबाचा वार. लोखंड्यांनी रविवार मागताना हाच दाखला दिला, असे सांगितले जाते. दाखला त्यांनी दिला असो वा नसो, त्या एका दिवसाने तीन कामे केली. शरीराला विसावा मिळाला, देवाला वेळ मिळाला आणि घरच्या माणसांना आपला माणूस मिळाला. कर्मचाऱ्यांच्या 'सर्वांगीण स्वास्थ्या'बद्दल आज जे बोलले जाते, त्याचे सार त्या मागणीत आहे. शिवाय ती मागणी मालकाच्या कल्पनेतून निघालेली नव्हती, कामगारांनी स्वतः केलेली होती. या लेखाला जे म्हणायचे आहे ते याच मुद्द्याभोवती आहे.

वेलनेसचा बाजार आणि त्याचा गुण

आजच्या मोठ्या कंपनीत 'वेलनेस' म्हणजे काय, हे नोकरी करणाऱ्या वाचकाला सांगायला नको. सकाळी ऑनलाइन ध्यान, बुधवारी झुम्बा, फोनमध्ये झोप मोजणारे ॲप, वर्षातून एकदा 'ताणतणाव व्यवस्थापन' या विषयावर व्याख्यान आणि २१ जूनला योगदिनाचे फोटो. यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच, की याने माणसाला बरे वाटते का?

ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी याच प्रश्नाची तपासणी केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती होती. ध्यान, ताण हाताळण्याचे प्रशिक्षण, वेळेचे नियोजन, स्वास्थ्याची ॲप अशा उपक्रमांत भाग घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची तुलना त्यांनी केली. भाग घेणारे काही जास्त बरे निघाले नाहीत. वेगळा निघाला तो एकच उपक्रम : समाजासाठी स्वयंसेवी काम करण्याची संधी. तिथे मात्र थोडा फायदा दिसला.

या निष्कर्षाचे नवल वाटायचे कारण नाही, कारण अशा उपक्रमांत दुखणे माणसात आहे असे गृहीत धरलेले असते. काम जसे आहे तसेच राहते. ते सोसण्याची ताकद तेवढी माणसाने वाढवायची. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये दिलेला आकडा पाहा. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. या लांबलेल्या तासांमुळे एकट्या २०१६ साली जगात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. ५५ तासांच्या आठवड्यावर पंधरा मिनिटांच्या प्राणायामाची मात्रा चालत नाही. तिथे तासच कमी करावे लागतात.

ताण कशाने येतो

काम जास्त म्हणून ताण येतो, हे अर्धेच खरे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये दुसरी बाजू मांडली. कामाचा रेटा मोठा आणि ते कसे, कधी, कोणत्या क्रमाने करायचे यात माणसाला काडीची मुभा नाही, अशी जोडी जमली की ताण सर्वांत घातक होतो. रेटा तितकाच असला, पण हातात निर्णय असला, तर तेच काम माणसाला शिकवते आणि उभारीही देते.

लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या 'व्हाइटहॉल' अभ्यासाने याला भक्कम आधार दिला. १९६७ पासून सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. वरच्या साहेबांवर जबाबदारी जास्त, म्हणून हृदयविकार त्यांना जास्त होत असेल, अशी सर्वांची समजूत होती. निघाले उलटेच. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपाई-निरोप्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या जवळपास तिप्पट होता. धूम्रपान, रक्तदाब वगैरे वजा केल्यावरही फरक पुरता मिटेना. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात, मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या फरकाचा एक मोठा धागा सापडला : आपल्या कामावर आपला ताबा किती.

जर्मनीतील अभ्यासक योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये तिसरी गोष्ट जोडली. माणूस ओततो किती आणि त्याच्या पदरात पडते किती, यांचा मेळ बसला नाही की शरीर झिजते. पदरात पडणारे म्हणजे फक्त पगार नव्हे. मान आणि उद्याची शाश्वतीही त्यात येते.

तास, ताबा आणि मोबदला ही तीन सूत्रे हाती धरून लोखंड्यांच्या पाच मागण्या पुन्हा वाचल्या तर त्या फार शहाण्या वाटतात. कामाला सुरुवात आणि शेवट ठरवून मिळणे, पगाराची तारीख पक्की असणे, हात तुटला तरी घरची चूल पेटेल याची हमी असणे. मनाच्या स्वास्थ्याचे औषध त्यांनी पगारपत्रकात आणि हजेरीपटात शोधले होते. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या जागेवरील मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कामाची रचना आणि परिस्थिती बदलणारे उपाय त्यांत अग्रभागी आहेत. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, हेही तेव्हाच सांगितले गेले.

चार भिंतींचे घर

हे सगळे झाले तरी एक बाजू उरतेच. माणूस कामावर येतो तो आपले घर, गाव, जेवण, भाषा आणि श्रद्धा बाहेर ठेवून येत नाही. न्यूझीलंडच्या माओरी समाजाने ही गोष्ट फार नेमकेपणाने मांडली आहे. मेसन ड्युरी या माओरी मनोविकारतज्ज्ञांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला 'ते फारे तापा फा' नावाचे आरोग्याचे चित्र पुढे ठेवले. आरोग्य म्हणजे चार भिंतींचे घर : एक भिंत शरीराची, दुसरी मनाची, तिसरी कुटुंब-गोताची, चौथी आत्म्याची. घर उभे राहते ते जमिनीवर, म्हणजे आपल्या भूमीवर आणि मुळांवर. एक भिंत खचली की बाकीच्या तिन्हींवर भार येतो.

ब्रिटिश वळणाच्या आरोग्यसेवेत पहिल्या दोन भिंतींचा विचार व्हायचा, उरलेल्या दोहोंचा नाही. ड्युरींचा रोख तिकडे होता. आज हे चित्र तिथल्या शाळांत, रुग्णालयांत आणि कचेऱ्यांत वापरले जाते. ते भिंतीवरच्या तक्त्यापुरते राहिलेले नाही. न्यूझीलंडच्या रजेच्या कायद्यात जवळच्या नातलगाच्या मृत्यूनंतर रजा आहेच. त्यापलीकडच्या माणसाच्या मृत्यूनंतर रजा द्यायची की नाही हे ठरवताना, त्या मृत्यूच्या संदर्भात कर्मचाऱ्यावर त्याच्या रूढीने कोणती जबाबदारी येते, हेही मालकाने पाहावे, असे तो कायदा सांगतो. २०२२ पासून माओरी नववर्षाचा 'मातारिकी' हा दिवस तिथे सार्वजनिक सुट्टीचा झाला.

आपल्याकडच्या किती कचेऱ्यांच्या रजेच्या फॉर्मात चुलता बसतो? चुलत्याच्या दहाव्याला पुतण्याने थांबायचे असते, मावशीच्या तेराव्याला भाचीला जावे लागते. फॉर्ममध्ये मात्र आई, वडील, नवरा-बायको, मुले एवढीच नाती असतात. मग माणूस 'ताप आलाय' असे कळवून गावी जातो. खोटे बोलून घेतलेल्या त्या रजेत दुःखाबरोबर धाकधूकही सोबतीला असते.

गिरणगावाने स्वतः उभे केलेले

मुंबईत हे दोन्ही, म्हणजे पोट आणि मुळे, सांभाळायची व्यवस्था कामगारांनी आपली आपण केली होती. गिरणगावातला बहुतेक कामगार कोकणातून नाहीतर घाटावरून एकटा आलेला. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे पंधरा-वीस जण, बहुधा एकाच गावचे. त्यांचे जेवण खानावळीत. ही खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. चाळीतली एखादी बाई आपल्याच चुलीवर दहा-वीस जणांचे रांधायची, महिन्याच्या बोलीवर. कोकण्याला भात आणि मासळीचे कालवण, घाटावरच्याला भाकरी. रात्रपाळीवाल्याचे ताट झाकून ठेवलेले. आजारी पडला तर पेज मिळायची आणि महिना तुटला तर उधारी चालायची. या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. गिरणी चालवणाऱ्या कामगारामागे त्याला जेवू घालणारी कामगार उभी होती, हे त्यामुळे लोकांच्या नजरेत आले.

गोव्याहून आलेल्यांचे 'कूड' हे असेच. धोबी तलाव, गिरगाव, डोंगरीच्या आसपास गोव्याच्या गावागावांनी मुंबईत जागा घेऊन ठेवल्या. बोटीवर जाणारा तारवटी काम मिळेपर्यंत आणि एका सफरीतून दुसऱ्या सफरीला निघेपर्यंत तिथे राहायचा. थोड्या भाड्यात निजायला जागा, आपली पेटी ठेवायला कोपरा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि वर्षाला गावच्या संताचे फेस्त. महिनोन्महिने समुद्रावर एकटे काढणाऱ्या माणसाला परत आल्यावर गाव भेटायचे ते मुंबईतच.

मालकांच्या लेखी गावाची ही ओढ म्हणजे कटकट होती. शिमग्याला, गणपतीला, भातकापणीला कामगार गावी पळतो, हजेरी पडते, ही त्यांची कायमची तक्रार. भारतातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने, म्हणजे व्हिटली कमिशनने, १९३१च्या अहवालात मात्र वेगळे मत दिले. गावाशी असलेला धागा ही कामगाराची जमेची बाजू आहे. तो तोडण्याऐवजी राखावा आणि गावी जाण्याला शक्य तितकी शिस्त लावावी. रजेचा प्रश्न कसा पाहावा, याचा हा नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीचा धडा आजही कोकण रेल्वेच्या गणपती स्पेशल गाडीत उभ्याने जाणाऱ्या चाकरमान्याला लागू आहे.

हा धडा सर्वांत चोख कोणी गिरवला असेल तर तो मुंबईच्या डबेवाल्यांनी. १८९०च्या सुमारास महादू हवजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या धंद्यातली बहुतेक माणसे मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यातली. चैत्रात गावोगावी ग्रामदैवतांच्या यात्रा भरतात, तेव्हा डबेवाले ठरवून चार-सहा दिवस सेवा बंद ठेवतात आणि गिऱ्हाइकांना आधी कळवतात. सगळेच जातात, त्यामुळे कुणी कुणाच्या रजेवर डोळा ठेवत नाही. वक्तशीरपणासाठी जगभर नावाजलेली ही सेवा दरवर्षी जत्रेसाठी थांबते आणि जत्रेनंतर पुन्हा ठरल्या वेळी सुरू होते. तिचे मालक तिथे राबणारेच आहेत, म्हणून हे जमते.

पुण्याच्या हमाल पंचायतीने याला प्रतिष्ठेची जोड दिली. बाबा आढावांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संघटनेने सत्तरच्या दशकात 'कष्टाची भाकर' हे केंद्र सुरू केले. पाठीवर पोती वाहणाऱ्याला झुणका-भाकर रास्त भावात, पोटभर मिळावी हा हेतू. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. रोज वेगळ्या व्यापाऱ्याकडे ओझे वाहणाऱ्या हमालाला त्यामुळे मंडळाची नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस आणि दवाखाना मिळाला. सीग्रिस्ट ज्याला मान आणि शाश्वती म्हणतो ती हीच. पुण्यातच कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. तिने मिळवलेल्या पहिल्या गोष्टींपैकी एक होती महापालिकेने मान्य केलेले ओळखपत्र. पोलीस चोर समजून हटकतील ही रोजची भीती त्या कार्डाने कमी झाली.

संस्कृतीच्या नावाखाली

इथे एक सावधगिरीही हवी. 'संस्कृतीचे भान' म्हटले की कुणाच्या संस्कृतीचे, हे विचारलेच पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार चांगला होता आणि तिथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण सांगितले जाई ते असे : धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला कसा लावायचा? पाण्याची भांडीही वेगळी. १९२८च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला आणि साचेखाते सर्वांना खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालायला लावली. त्या काळी 'कामगारांच्या भावनांचा आदर' याचा अर्थ काही जणांच्या पोटावर पाय असा होत होता.

ही गोष्ट जुनी झाली, असे म्हणण्याआधी कँटीनमध्ये कोणाचा डबा बाजूला बसून उघडला जातो, ते पाहावे. कंपनीत गणपती बसतो, दिवाळीला दिवे लागतात. त्याच कंपनीत १४ एप्रिलला आणि ईदला रजा मागताना कुणाला अवघडल्यासारखे होते का, रमजानात उपवास धरणाऱ्याची पाळी जुळवून दिली जाते का, तेही पाहावे. 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' हे वाक्यही जपून ऐकावे. कुटुंबात ओव्हरटाइम नसतो, युनियन नसते आणि मोठ्यांना उलट बोलता येत नाही. पगारवाढ टाळण्यासाठी या वाक्याचा उपयोग पुष्कळदा होतो.

बायकांच्या बाबतीत चांगल्या हेतूचे कायदेही उलटे फिरू शकतात. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने प्रसूती लाभाचा कायदा केला, देशातला पहिला. पण खर्च मालकाच्या माथी पडला. त्यानंतरच्या दशकांत गिरण्यांतून स्त्रिया कमी कमी होत गेल्या, त्याच्या कारणांत हाही खर्च मोजला जातो. २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रात २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली आणि ५० कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघराचे बंधन आले. चांगलेच झाले, पण याही वेळी पगाराचा भार बऱ्याच अंशी मालकावरच आहे. तो भार विम्यातून किंवा सामायिक निधीतून उचलला गेला नाही, तर मुलाखतीत 'लग्न केव्हा करणार?' हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जात राहील.

खाडा : जिथे रचनाच माणसाला खाते

कामाची रचना किती खोल जखम करू शकते, ते ऊसतोडीत दिसते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता'. मुकादम त्यांना हंगामाआधी उचल देतो आणि ती टनावारी फेडायची असते. एक दिवस काम चुकले की 'खाडा' पडतो : त्या दिवसाची मजुरी जाते, वर दंड उचलीत चढतो. राहायला फडाजवळची कोपी. शौचालय नाही, पाणी लांब. पहाटेपासून मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत चढवायच्या.

या व्यवस्थेत पाळीचे दुखणे घेऊन बसायला बाईला परवडत नाही. बीडमध्ये गर्भाशये काढून टाकण्याचे प्रमाण भयंकर आहे, हे २०१९ मध्ये उघड झाले आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासणीत आलेल्या ८२,३०९ स्त्री ऊसतोड कामगारांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे साधारण सहा जणींमागे एकीचे. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. नफेखोर दवाखाने, भीती घालणारे डॉक्टर, बालविवाह आणि वारंवारची बाळंतपणे ही कारणे आहेतच. पण मुळाशी खाड्याचा हिशोब आहे. या बाईला समुपदेशक नेऊन दिला किंवा पाळीच्या स्वच्छतेवर व्याख्यान दिले, तर तिच्या हाती काय लागणार? तिला हवा आहे तो दंडाशिवायचा एक दिवस, फडावर शौचालय आणि मुकादमाच्या उचलीतून सुटका.

वातानुकूलित कचेरीतला खाडा दिसायला वेगळा असतो. रजा मंजूर असते, पण लॅपटॉप बरोबर न्यायचा असतो. पुण्या-हिंजवडीत अमेरिकेच्या घड्याळावर काम करणाऱ्या मुलांची जेवणे, झोप आणि घरच्यांची भेट उलटीपालटी झालेली असते. तिथेही पहिला उपाय हाच : रात्रीच्या पाळ्या कोणाला, किती सलग आणि कोणाच्या संमतीने, हे आधी ठरवणे. पुण्यातली 'आयटी दिंडी' याच मुलांची. आळंदी ते पुणे चालणाऱ्या या दिंडीला कंपनीच्या वेलनेस बजेटातून काही मिळत नाही. तरी शेकडो जण दरवर्षी पहाटे उठून येतात. चालणे, गाणे, अनोळखी माणसाच्या हातचे पाणी पिणे आणि एक दिवस कुणाचेच 'रिसोर्स' नसणे, एवढे त्यांना तिथे मिळते.

कुठून सुरुवात करायची

मालक, व्यवस्थापक, एचआरमधली मंडळी आणि युनियनचे पदाधिकारी यांनी काय करावे, याला या सगळ्यातून एक क्रम मिळतो.

आधी कामाची घडी. तास, पाळ्या, पगाराची तारीख, पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचालय, बसायची सोय. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. तिथल्या कापडदुकानांतल्या मुलींना त्याआधी दिवसभर उभे राहावे लागायचे. एक स्टूल ही आरोग्याची किती मोठी गोष्ट असू शकते, ते त्यांना विचारावे.

मग मुभा. आपली पाळी आपसात बदलता यावी, कामाचा क्रम ठरवण्यात तोंड घालता यावे, चुकीच्या आदेशाला 'नाही' म्हणता यावे. याला पैसा लागत नाही. साहेबाचा अहंकार थोडा आवरावा लागतो.

त्यानंतर मुळे. रजेच्या फॉर्मात चुलता-मावशी यावेत, वर्षातल्या काही सुट्ट्या ज्याच्या त्याने निवडाव्यात, कँटीनमध्ये भाकरीही असावी आणि मासळीलाही बंदी नसावी, सुरक्षेच्या सूचना कामगाराच्या भाषेत असाव्यात. यवतमाळचा आणि बिहारचा कामगार एकाच शेडमध्ये असेल, तर सूचना दोघांच्याही भाषेत हव्यात.

आणि मग समुपदेशन. ते लागतेच. आपल्याकडे मनाचे दुखणे पुष्कळदा डोकेदुखी, छातीतली धडधड, न पचणारे अन्न या वाटेने डॉक्टरकडे पोचते. ते ओळखणारा कंपनी डॉक्टर हवा. समुपदेशकाला सांगितलेले एचआरच्या कानावर जाणार नाही याची खात्री मात्र हवी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही गोपनीयता हक्क म्हणून दिली आहे. कंपनीत कोणी नसेल तर सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते.

हा क्रम उलटा केला, म्हणजे समुपदेशन आधी आणि तास नंतर, की पैसा खर्च होतो आणि माणसे तशीच थकलेली राहतात. बहुतेक ठिकाणी आज तो उलटाच आहे, कारण ॲप विकत घेणे सोपे आणि पाळी बदलणे अवघड.

तेव्हा तुमच्या कचेरीत पुढच्या वेळी 'वेलनेस'ची बैठक बोलावली गेली, तर योगाच्या वेळापत्रकाआधी तीन कागद मागा : गेल्या वर्षीचा ओव्हरटाइमचा हिशोब, नाकारलेल्या रजांची यादी आणि नोकरी सोडून गेलेल्यांनी दिलेली कारणे. आणि बैठकीला सफाई कामगार, सुरक्षारक्षक आणि कँटीनमधली माणसे यांना बसायला खुर्ची द्या. काय बिघडले आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा आधी ठाऊक असते.